बीडमध्ये एका क्लिपवरून जाळपोळ कशी होते? ऑनलाइन गर्दीचं गणित काय सांगतं?

ग्रुपवर बोलणारे मोजके असतात आणि वाचणारे शेकडो. तरीही त्या मोजक्यांचा आवाज अख्ख्या समाजाचा वाटू लागतो. असं का होतं, याचा अभ्यास संशोधक गेली अनेक वर्षं करत आहेत. बीड जिल्ह्यातल्या गेल्या काही वर्षांतल्या घटना त्या अभ्यासाच्या आधारे समजून घेता येतात का?

३० ऑक्टोबर २०२३. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांचं उपोषण सुरू होतं. माजलगावचे आमदार प्रकाश सोळंके यांची एक ऑडिओ क्लिप मोबाईलवर फिरू लागली. त्यात आंदोलन आणि जरांगे यांच्याबद्दल केलेली टिप्पणी होती. त्यानंतर माजलगावात जमाव जमला आणि सोळंकेंच्या घराला आग लावण्यात आली. संध्याकाळपर्यंत हे लोण बीड शहरात पोहोचलं. आमदार संदीप क्षीरसागर आणि माजी मंत्री जयदत्त क्षीरसागर यांची घरं, राष्ट्रवादी काँग्रेसचं कार्यालय आणि ओबीसी चळवळीतल्या एका नेत्याचं हॉटेल जमावाच्या तावडीत सापडलं. प्रशासनाने संचारबंदी लावली आणि इंटरनेट बंद केलं.

त्यानंतर चर्चेचा सूर ठरलेला होता. कुणी म्हणालं, "सोशल मीडियाने जिल्हा पेटवला." कुणी म्हणालं, "लोकांचा संताप होता, मोबाईल फक्त निमित्त." दोन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे. पण एकच क्लिप वाचून हजार माणसं घरात बसतात आणि शंभर माणसं रस्त्यावर येतात, हे कसं घडतं, याचं उत्तर दोन्हींत मिळत नाही.

आधी घटनाक्रम पाहू

१ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटी इथे आंदोलकांवर लाठीमार झाला आणि आरक्षणाचा प्रश्न राज्यभर तापला. जरांगे मूळचे बीड जिल्ह्यातल्या मातोरीचे. त्यामुळे बीडमध्ये या आंदोलनाची धग जास्त होती. ऑक्टोबरची जाळपोळ याच काळातली.

त्यानंतर २०२४ ची लोकसभा निवडणूक आली. बीडमध्ये १३ मे रोजी मतदान झालं आणि ४ जूनला निकाल लागला. बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. प्रचारात आणि निकालानंतर मराठा विरुद्ध वंजारी, मराठा विरुद्ध ओबीसी अशी भाषा ग्रुपांवर उघडपणे आली. अमुक समाजाच्या दुकानातून खरेदी करू नका, असं सांगणारे मेसेज आणि व्हिडिओ फिरले.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून करण्यात आला. मार्च २०२५ च्या सुरुवातीला या प्रकरणाच्या तपासातली छायाचित्रं बाहेर आली आणि काही तासांत घराघरांत पोहोचली. ४ मार्चला मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. याच महिन्यात बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या गणवेशावरच्या पट्टीवर फक्त पहिलं नाव लावायला सांगितलं. आडनावावरून जात ओळखली जाते आणि जातीवरून पोलिसाची बाजू ठरवली जाते, अशी वेळ आली होती.

या सगळ्या प्रसंगांत मोबाईल होता, पण त्याने प्रत्येक वेळी वेगळं काम केलं.

वर्तनाचं 'मॉडेल' म्हणजे काय?

शेतकऱ्याला हा प्रकार नवा नाही. पैसेवारी काढताना गावातलं प्रत्येक शेत कापून मोजत नाहीत. निवडक प्लॉटमध्ये पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यावरून अख्ख्या गावाचं उत्पादन ठरतं. पैसेवारी ५० पैशांच्या खाली की वर, यावर गावाचं बरंच काही अवलंबून असतं. म्हणूनच कोणते प्लॉट निवडले यावरून दरवर्षी वाद होतो. विहीर असलेल्या बागायतीचे प्लॉट घेतले, तर कोरडवाहू गावही सुखी दिसतं.

माणसांच्या ऑनलाइन वागण्याचं मॉडेल असंच असतं. कोण पोस्ट टाकतं, कोण पुढे ढकलतं, कोण नुसतं वाचतं, याच्या नोंदी घेऊन काही साधे नियम मांडले जातात. ते नियम संगणकावर चालवून प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टींशी जुळतात का, हे पाहिलं जातं. मॉडेल एखाद्या व्यक्तीचं भविष्य सांगत नाही. गर्दीचा साधारण कल काय असेल, एवढंच ते सांगतं.

इथेही प्लॉटच्या निवडीचा प्रश्न आहेच. ग्रुपवर जे दिसतं, ते बोलणाऱ्यांचं पीक असतं. गप्प बसणाऱ्यांच्या शेतात काय आहे, ते कुणी कापून पाहिलेलं नसतं.

बोलणारे किती आणि गप्प किती?

वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ नियम मांडला. ऑनलाइन समूहात साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून काही लिहितात आणि १ टक्का लोक बहुतेक सगळा मजकूर टाकतात. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपमध्ये आज १,०२४ जण असू शकतात. हा नियम तिथे लावला, तर पूर्ण भरलेल्या ग्रुपमध्ये सतत बोलणारे दहाच्या आसपास निघतात. गावातल्या ग्रुपमध्ये माणसं एकमेकांना ओळखतात, त्यामुळे हे प्रमाण जागोजागी बदलतं. तरी चित्र ओळखीचं आहे. सकाळी सुप्रभात टाकणारे, दुपारी नेत्याचे बॅनर टाकणारे आणि रात्री वाद घालणारे बहुधा तेच असतात.

उरलेल्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ काय? जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये त्याचं एक स्पष्टीकरण दिलं. आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस एकटं पडण्याच्या भीतीने गप्प बसतो. तो गप्प बसल्यामुळे दुसरी बाजू आणखी मोठी दिसते, मग आणखी काही जण गप्प बसतात. ही साखळी पुढे चालू राहते.

गावात ही भीती मोठ्या शहरापेक्षा जास्त टोचते. ग्रुपवर "असं लिहू नका" म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच लोकांबरोबर पाराखाली बसायचं असतं, सोसायटीत कर्ज मागायचं असतं, मुलीचं लग्न जमवायचं असतं. "तू आपला की त्यांचा?" हा प्रश्न ओढवून घेण्यापेक्षा मेसेज न उघडता पुढे जाणं सोपं वाटतं.

याला आणखी एक जोड मिळते. क्रिस्टीना लेर्मन आणि सहकाऱ्यांनी तिला 'बहुमताचा भास' म्हटलं आहे. समजा, वीस जणांत तिघेच टोकाचं बोलतात. पण ते तिघे गावाच्या ग्रुपमध्ये आहेत, भावकीच्या ग्रुपमध्ये आहेत, दूध संकलनाच्या आणि क्रिकेट संघाच्या ग्रुपमध्येही आहेत. मग प्रत्येकाला जिकडेतिकडे तेच बोलणं ऐकू येतं. वीसपैकी सतरा जणांचं मत वेगळं असूनही प्रत्येकाला वाटतं, सगळे असंच म्हणतायत.

लोकसभेचा निकाल याचं चांगलं उदाहरण आहे. सोनवणे आणि मुंडे या दोघांनाही पावणेसात लाखांहून जास्त मतं मिळाली. मतदान यंत्र जात नोंदवत नाही. कोणत्या घरातलं मत कुणाला गेलं, हे कुणालाच माहीत नाही. तरी निकालानंतर ग्रुपांवर दोन अखंड समाज समोरासमोर उभे असल्यासारखी मांडणी झाली. दुसऱ्या समाजाच्या उमेदवाराला मत दिलेली माणसं या मांडणीत कुठेच नव्हती. आणि ती स्वतःहून पुढे येऊन सांगण्याची शक्यताही कमीच होती.

दगड कधी उचलला जातो?

बोलणं आणि प्रत्यक्ष रस्त्यावर उतरणं यात मोठं अंतर असतं. ते अंतर समजायला अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं मॉडेल आजही उपयोगी पडतं. तेव्हा ना मोबाईल होता ना इंटरनेट.

चौकात शंभर माणसं आहेत असं समजा. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे, म्हणजे आधी किती जणांनी दगड उचलला की आपणही उचलू, हा आकडा. पहिल्याचा उंबरठा शून्य, तो कुणाचीच वाट पाहत नाही. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शंभराव्याचा नव्याण्णव. पहिल्याने दगड उचलला की दुसरा उचलतो, दोघांना पाहून तिसरा, आणि शेवटी शंभरही जण दगडफेकीत असतात.

आता त्यात एकच बदल करू. ज्याचा उंबरठा एक होता, त्याच्या जागी दोन उंबरठा असलेला माणूस आणू. पहिला दगड उचलतो. पण आधी 'एक' पाहून उचलणारा आता कुणीच नाही. दंगल एका माणसावर थांबते. दोन्ही चौकांतल्या माणसांचा राग जवळपास सारखाच होता. तरी एका ठिकाणची बातमी होते 'जमावाने जाळपोळ केली' आणि दुसऱ्या ठिकाणची 'एका माथेफिरूने दगड मारला'.

यातून दोन गोष्टी निघतात. 'अमुक समाज हिंसक आहे' असा निष्कर्ष जाळपोळीवरून काढता येत नाही, कारण तोच राग शेजारच्या तालुक्यात घरातच राहिलेला असू शकतो. आणि सुरुवातीचे दोन-तीन जण काय करतात, यावर पुढचं बरंच ठरतं.

मोबाईलने इथे नेमकं काय बदललं? पूर्वी 'आधी किती जण' हे मोजायला चौकात यावं लागायचं. आता माजलगावातल्या धुराचा व्हिडिओ बीडमधल्या तरुणाला हातात दिसतो. चौकात दहाच जण असले, तरी पडद्यावर शेकडो असतात. ज्याचा उंबरठा पन्नास आहे, त्याला पन्नास माणसं आधीच दिसलेली असतात. एका गावातली गर्दी अशी दुसऱ्या गावातल्या माणसाच्या हिशोबात धरली जाते.

चार ग्रुप आणि एकच साक्षीदार

डेमन सेंटोला आणि मायकेल मेसी यांनी २००७ मध्ये एक महत्त्वाचा फरक दाखवला. साधी बातमी एकाने सांगितली तरी पसरते. उद्या बाजार बंद आहे, हे कळायला एक माणूस पुरतो. पण ज्या गोष्टीत धोका आहे, त्यासाठी माणूस एकापेक्षा जास्त ठिकाणांहून खात्री करून घेतो. मोर्चात जायचं, कुणाच्या दुकानावर बहिष्कार टाकायचा, कुणावर चालून जायचं, अशा वेळी तो पाहतो की आणखी कोण कोण तयार आहे.

ही माणसाची शहाणी सवय आहे आणि खेड्यात ती चांगली चालायची. चार वेगवेगळ्या माणसांनी चार ठिकाणी तेच सांगितलं, तर त्यात तथ्य असायची शक्यता जास्त. ग्रुपांमुळे मात्र ही सवय फसते. तीच क्लिप आधी गावाच्या ग्रुपवर येते, मग भावकीच्या, मग पक्षाच्या आणि शेवटी पुण्यात नोकरी करणाऱ्या चुलतभावाकडून. मनाला वाटतं, चार जणांनी सांगितलं. प्रत्यक्षात चारही वाटा एकाच मोबाईलपासून निघालेल्या असतात. साक्षीदार एक असतो आणि साक्षी चार नोंदवल्या जातात.

बीडमध्ये ही गुंतागुंत जास्त आहे, कारण इथली बरीच माणसं जिल्ह्याबाहेर विखुरलेली आहेत. ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली कुटुंबं, पुण्यातल्या कंपन्यांत काम करणारी मुलं, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, हे सगळे ग्रुपांमुळेच गावाशी जोडलेले असतात. गावात प्रत्यक्ष काय चाललंय हे त्यांना दिसत नाही. बांधावर दोन्ही समाजांची माणसं एकमेकांना बैल देतायत, हे कुणी ग्रुपवर टाकत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो वाद.

रागालाच जास्त पाय का फुटतात?

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले सोरूश वोसूघी, देब रॉय आणि सिनान अराल यांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातल्या बातम्यांचा अभ्यास केला. त्यात सुमारे ३० लाख लोकांनी पसरवलेला मजकूर होता. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. यंत्रांनी चालवलेली खाती बाजूला काढली तरी निष्कर्ष बदलला नाही. खोटं पसरवण्याचं काम मुख्यतः माणसंच करत होती, कारण खोटं अधिक नवं आणि धक्कादायक होतं.

विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की राजकीय विषयांवरच्या ट्वीटमध्ये नैतिक संताप जागवणारा एकेक शब्द वाढला की तो पसरण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढतं. पुढे २०२१ मध्ये ७,३३१ जणांची १ कोटी २७ लाख ट्वीट तपासताना आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्या संतापाला लाइक आणि शेअर मिळाले, ते पुढे जास्त संतापून लिहू लागले. म्हणजे राग व्यक्त करण्याचीही शिकवणी मिळते आणि फी म्हणून लाइक येतात.

हातात पिस्तूल घेऊन रील करणारी मुलं, मारहाणीचं चित्रीकरण करून ते स्वतःच पसरवणारे टोळके, बीडमध्ये हे प्रकार वारंवार समोर आले आहेत. गुन्हा करणाऱ्याने पुरावा स्वतःच का तयार करावा, असा प्रश्न पडतो. वरचं मॉडेल त्याचं अर्धं उत्तर देतं. त्याच्या ग्रुपमध्ये त्या व्हिडिओकडे पुरावा म्हणून कुणी पाहत नाही, त्याला पत म्हणून मान मिळतो.

मग सगळा दोष मोबाईलचाच का?

नाही, आणि मस्साजोगचं प्रकरण हेच सांगतं. मार्च २०२५ मध्ये फिरलेली छायाचित्रं अफवा नव्हती. त्यांनी लोक हादरले, बीड बंद झालं आणि मंत्र्याला पद सोडावं लागलं. ज्या वाटेने विष जातं, त्याच वाटेने सत्ताधाऱ्यांना जाब विचारणारी माहितीही जाते. दुसऱ्या बाजूला, एका कुटुंबाचं दुःख लाखो मोबाईलवर पुन्हा पुन्हा उघडलं गेलं. खऱ्या मजकुरामुळेही कुणाला तरी इजा होते. 'फेक न्यूज थांबवा' एवढ्या एका घोषणेत हा प्रश्न बसत नाही.

धुळ्यानंतर काय बदललं?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षेवर पोट भरणारे लोक होते. त्या काळात देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. पुढे ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं आणि असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीने सांगितलं.

या मर्यादेचा खरंच उपयोग होतो का? ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये भारत, ब्राझील आणि इंडोनेशियातल्या सार्वजनिक ग्रुपांची माहिती घेऊन, साथीचे रोग मोजायच्या पद्धतीने याचा हिशोब मांडला. मर्यादेमुळे मेसेजचा वेग बराच कमी होतो, पण फार चटपटीत मेसेज शेवटी सगळीकडे पोहोचतोच, असं त्यांना आढळलं. म्हणजे मर्यादेमुळे काही तास हाती लागतात. त्या तासांत कुणी काही केलं, तरच त्यांचा उपयोग.

इंटरनेट बंद केलं की शांतता होते?

प्रशासनाच्या हातातला हा सर्वात सोपा उपाय. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात म्हटलं की बंदीचा आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे, ती बेमुदत नसावी आणि परिस्थितीच्या प्रमाणात असावी. आताच्या नियमांनुसार एका आदेशाने जास्तीत जास्त १५ दिवस सेवा थांबवता येते.

परिणामाबद्दल शंका मात्र आहेत. यान रिझाक यांनी भारतातल्या इंटरनेट बंदीचा अभ्यास केला, तेव्हा बंदीच्या काळात हिंसक घटना वाढलेल्या दिसल्या. त्यांच्या मते शांततेच्या आंदोलनाला समन्वय लागतो, हिंसेला तो फारसा लागत नाही. उंबरठ्याच्या भाषेत सांगायचं तर, बंदीमुळे दूरची गर्दी दिसायची थांबते हे खरं. पण "अफवा आहे, घरी थांबा" असं सांगणारा मेसेजही थांबतो.

त्याची किंमतही मोजावी लागते. ३१ ऑक्टोबर २०२३ ला, म्हणजे जाळपोळीच्या दुसऱ्याच दिवशी, राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात बीडमधले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते. शेतकऱ्याला माहितीची सर्वात जास्त गरज असतानाच जिल्ह्यातलं इंटरनेट बंद होतं.

अॅडमिनला धरलं तर?

ग्रुपवर काही आक्षेपार्ह आलं की पोलीस पहिली नोटीस अॅडमिनला देतात. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदियातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या पोस्टसाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, अॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. अॅडमिन मेसेज आधी तपासू शकत नाही, हे न्यायालयाने लक्षात घेतलं.

अॅडमिनच्या हाती तरीही एक गोष्ट असते. तणावाच्या दिवशी 'फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सोय चालू करता येते. याने मतं बदलत नाहीत. पण एका ग्रुपपुरती चार साक्षींतली एक कमी होते.

काय उपयोगी पडतं?

गॉर्डन पेनिकुक, डेव्हिड रँड आणि सहकाऱ्यांच्या २०२१ मधल्या प्रयोगांत असं दिसलं की शेअर करण्याआधी "हे खरं असेल का?" एवढा विचार करायला लावला, तरी लोक थोडं सावध होतात. अनेकांना खोटं पसरवायचं नसतं, त्या क्षणी ते खरं-खोटं याचा विचारच करत नसतात. हा परिणाम छोटा आहे, पण त्याला खर्च जवळपास नाही.

भारतातला अनुभव जास्त बोलका आहे. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ मध्ये बिहारमध्ये १,२२४ जणांना घरी जाऊन खोट्या बातम्या ओळखायला शिकवलं. एका भेटीचा फारसा परिणाम झाला नाही. पुढे त्या आणि सहकाऱ्यांनी बिहारमध्येच १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना काही आठवडे वर्ग घेऊन हे शिकवलं, तेव्हा फरक पडला आणि तो काही महिने टिकला. एका दिवसाच्या 'जनजागृती'पेक्षा शाळेतला नियमित तास जास्त काम करतो, असा याचा अर्थ. बीडमधल्या जिल्हा परिषद शाळांत हे करून पाहण्यासारखं आहे.

आणि ग्रॅनोव्हेटरच्या गणितातून निघणारा उपाय सर्वात साधा आहे. गप्प बसलेल्यांपैकी पहिला माणूस लवकर बोलला, तर साखळी तुटू शकते. विरोध करण्याचाही उंबरठा असतोच. "हे टाकू नका" असं म्हणायला एक जण पुढे आला की दुसऱ्याला सोपं जातं. हे बोलणं त्याच ग्रुपमधून, त्याच समाजातल्या माणसाने केलं तर त्याचं वजन वेगळं पडतं. पोलीस अधीक्षकांचा मेसेज 'सरकारी' ठरतो, दुसऱ्या समाजातल्या माणसाचा 'त्यांचा' ठरतो.

या गणिताची मर्यादा काय?

आरक्षणाची मागणी का उभी राहिली, कोरडवाहू शेती का परवडत नाही, शिकलेल्या मुलाला काम का मिळत नाही, ही उत्तरं कोणतंही मॉडेल देत नाही. उंबरठे कमी-जास्त होतात ते या कारणांनीच. शिवाय व्हॉट्सअॅपचे मेसेज कूटबद्ध असल्याने संशोधकांना दिसतात ते मुख्यतः लिंकवरून सामील होता येतील असे सार्वजनिक ग्रुप. भावकीचा ग्रुप त्यांच्या नजरेबाहेर राहतो. पैसेवारीतल्या प्लॉटचा प्रश्न इथे पुन्हा येतो.

म्हणून आकड्यांचा आधार घेऊन कुणी 'अमुक समाजाचं मत असं आहे' म्हणालं, तर सावध राहायला हवं. हे मोजमाप एका छोट्या कामासाठी पुरेसं आहे. गर्दी कशी तयार होते हे त्यातून कळतं, आणि ती कुठे थांबवता येते याचाही अंदाज येतो.

वाचणाऱ्याने काय करायचं?

पुढची क्लिप येईल तेव्हा तीन प्रश्न पुरेसे आहेत. ही चार ग्रुपांवर आली, पण मुळात ती एकाच ठिकाणाहून आली का? ग्रुपमध्ये बोलणारे किती आहेत आणि गप्प किती? आणि ज्यांच्या दुकानावर बहिष्कार टाकायला सांगितलं जातंय, त्यांच्याशी आपला स्वतःचा अनुभव काय आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोबाईलवर मिळत नाही. बीडमधल्या आठवडी बाजारात उधारीवर किराणा देणारा, नडीला ट्रॅक्टर पाठवणारा आणि रात्री दवाखान्यात गाडी घेऊन येणारा माणूस कोणत्या समाजाचा आहे, हे तिथल्या लोकांना चांगलं माहीत असतं. ग्रुपवरच्या वादात हा अनुभव कुणी लिहीत नाही. तो लिहायला पहिला कोण पुढे येतो, यावर पुढच्या तणावाच्या दिवशी बरंच काही ठरेल.